वरणाची डाळ: थेट कुकरात की डब्यात?

साध्या वरणाची तूरडाळ कुकरात लावायची हे ठरलेलंच असतं. प्रश्न उरतो तो ती थेट कुकरात घालावी की डब्यात, एवढाच. ताटात आलेल्या वरणावरून कोणतं कसं शिजवलंय हे सांगता येईल, असं काही मला वाटत नाही.

थेट शिजवण्याचे फायदे खरे आहेत. एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, झालं. डबे घासायचे वाचतात. आमटी करायची तर त्याच कुकरात वरून फोडणी ओतून उकळी काढता येते. आठ-दहा माणसांचं असेल तर डबा पुरतही नाही.

अडतं ते शिट्टीपाशी. तूरडाळ उकळताना फेस धरते. तो वाफेबरोबर वर चढतो आणि शिट्टीखालून पिवळं पाणी उडतं: झाकणावर, शेगडीवर, मागच्या टाइल्सवर. पुसण्याचं एक वेळ सोडा. पण डाळीचं टरफल नळीत अडकलं तर शिट्टी धड होत नाही, नुसती फुसफुसत राहते. आपण शिट्ट्यांची वाट बघतो, तोवर पाणी आटतं आणि डाळ तळाला लागते. नळी पुरती बंद झाली तर सेफ्टी व्हॉल्व्हच उडायचा. उपाय आहेत: चमचाभर तेल घालावं, कुकर एक तृतीयांशाहून जास्त भरू नये, पहिली शिट्टी होताच आच बारीक करावी. त्यानं फेस कमी होतो. पूर्ण थांबतो असा माझा तरी अनुभव नाही. म्हणजे दर खेपेला नळीत सुई घालून, ती उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का हे बघणं आलं. रोजच्या घाईत ते कोण करतं?

डब्यात फेस आला तरी बहुतेक डब्यातच बसतो. शिट्टीतून जाते ती तळच्या पाण्याची वाफ. डबा मात्र निम्म्याहून जास्त भरू नये आणि वर ताटली ठेवावी. एक वाटी डाळीला अडीच वाट्या पाणी, कुकरच्या तळाला जाळी आणि दोन पेले पाणी. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो, म्हणून त्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकतात.

डब्याची खोट भातामुळे कळते. भाताला तीन शिट्ट्या पुरतात, डाळीला नाही. वाढवल्या तर भाताचा गोळा. डाळ अर्धा तास भिजवून खालच्या डब्यात ठेवली, तीन शिट्ट्यांनंतर पाच मिनिटं बारीक आच दिली आणि वाफ आपोआप जिरू दिली की सहसा दोन्ही जमतात.

तरी डाळ बोटचेपी झाली नाही तर आधी डाळ जुनी आहे का, पाणी बोअरचं जड आहे का ते पाहावं. टोमॅटो, आमसूल, चिंच आधी घातली तरी डाळ अडून बसते. आंबट नेहमी शिजल्यावर. डाळ गरम असतानाच रवीनं घोटावी आणि सैल करायला उकळतं पाणी घालावं. गार पाण्यानं वरण फुटल्यासारखं दिसतं, पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे.

पुरणाची हरभरा डाळ मात्र डब्यात लावू नये. कटाच्या आमटीसाठी पाणी बरंच जास्त लागतं. ती सरळ मोठ्या पातेल्यात, वरचा फेस काढत शिजवलेली बरी.