ए-३२०चा टेकऑफ मेमो आणि टी.ओ. कॉन्फिग बटण: काय पकडतं, काय सुटतं

एअरबस ए-३२०च्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मधल्या पेडेस्टलवर 'टी.ओ. कॉन्फिग' (टेकऑफ कॉन्फिगरेशन, म्हणजे टेकऑफसाठी विमानाची मांडणी) लिहिलेलं एक छोटं बटण असतं. त्याच्या जोडीला समोरच्या वरच्या स्क्रीनवर, खाली डावीकडे, टेकऑफ मेमो, म्हणजे टेकऑफआधीच्या कामांची छोटी यादी, दिसतो. इंडिगो आणि एअर इंडिया ही विमानं मोठ्या संख्येनं उडवतात. त्यामुळे मुंबईहून किंवा पुण्याहून निघणारा प्रवासी बहुतेक वेळा याच जोडीवर विसंबून असतो. आमच्या मते टेकऑफपूर्व विसराळूपणावर जेट विमानांत निघालेल्या उपायांपैकी हा सर्वोत्तम आहे. मात्र तो नेमकं काय तपासत नाही, हे वैमानिकाला तोंडपाठ हवं.

दुसरं इंजिन सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी मेमो आपोआप उमटतो. ऑटोब्रेक मॅक्स (टेकऑफ सोडला तर आपोआप पूर्ण ब्रेक), साइन्स ऑन (सीटबेल्टच्या सूचना), केबिन रेडी, स्पॉयलर आर्म (पंखावरचे, उचल मारणारे पाट सज्ज), फ्लॅप्स (पंखामागचे, उचल वाढवणारे पाट) टेकऑफला आणि शेवटी कॉन्फिग टेस्ट. जे बाकी असेल ते निळं, जे झालं ते हिरवं. टॅक्सी चेकलिस्ट (विमान जमिनीवरून रनवेकडे जातानाची तपासयादी) वाचताना याचं उत्तर 'टी.ओ., नो ब्लू' असं द्यायचं असतं. यातली मोठी सोय म्हणजे मेमो सतत ताजा राहतो. फ्लॅपचं हँडल कोणी परत वर नेलं तर ती ओळ पुन्हा निळी होते. कागदाच्या कार्डावर एकदा 'झालं' म्हटलं की ते झालंच.

बटण दाबल्यावर संगणक टेकऑफचा जोर दिल्याचं सोंग करतो आणि इशारे तपासतो. फ्लॅप-स्लॅट (पंखाच्या मागच्या आणि पुढच्या कडेचे पाट) टेकऑफच्या मर्यादेत आहेत का, पिच ट्रिम आणि रडर ट्रिम (नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे समतोल ठेवणारी जुळणी) जागेवर आहेत का, स्पीडब्रेक आत आहेत का, दारं बंद आहेत का, ब्रेक तापलेत का. म्हणजे चूक टॅक्सीवेवर, उभ्या विमानात कळते. बोइंग ७३७च्या नेहमीच्या रचनेत हाच इशारा थ्रस्ट लिव्हर पुढे नेल्यावर वाजतो, तोवर विमान रनवेवर असतं आणि मागे दुसरं विमान उतरायला आलेलं असतं. ७३७ची दुसरी अडचण याहून गंभीर. टेकऑफ कॉन्फिगरेशनचा आणि केबिनमधला हवेचा दाब घटल्याचा भोंगा एकच. १४ ऑगस्ट २००५ला हेलिओस एअरवेजच्या ७३७मध्ये प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. सुमारे १२,००० फुटांवर भोंगा वाजला, वैमानिकांनी तो कॉन्फिगरेशनचा समजला, आणि १२१ जण गेले. नंतर दोन्हींसाठी वेगळे दिवे आले. २० सप्टेंबर २०१८ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७मध्ये ब्लीडचा (इंजिनातून केबिनला हवा देणारा) स्विच चालू करायचा राहिला, प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं. या दोन्ही घटनांतला स्विच टेकऑफच्या इशाऱ्याच्या कक्षेत येतच नाही, त्याला फक्त चेकलिस्ट आणि डोळे पकडू शकतात.

बोइंग ७७७ची इलेक्ट्रॉनिक चेकलिस्ट दिसायला अधिक देखणी. विमानाला जे जाणवतं ती ओळ स्वतःच हिरवी होते, बाकीच्या ओळींवर वैमानिक कर्सरने खूण करतो, आणि अर्धवट राहिलेली यादी अर्धवटच दिसते. टेकऑफपूर्व यादीत तर फ्लॅप्स ही एकच ओळ. हा आटोपशीरपणा आम्हाला मनापासून आवडतो. लांबलचक यादी रोज वाचली की ती पाठ होते, आणि पाठ झाली की डोळे हँडलवर जात नाहीत.

असं न बघता पाठ म्हणणं किती महाग पडतं ते माद्रिदला दिसलं. २० ऑगस्ट २००८, स्पॅनएअरचं एमडी-८२. बिघाडामुळे विमान एकदा परत आलं होतं, पुन्हा निघताना फ्लॅप काढायचे राहिले. शेवटच्या यादीत फ्लॅपचा 'अकरा' हा आकडा बोलला गेला, पण फ्लॅप आतच होते. इशाराही वाजला नाही. १५४ मृत्यू. डेट्रॉइटला १६ ऑगस्ट १९८७ला नॉर्थवेस्टच्या एमडी-८२चं असंच झालं होतं: टॅक्सी चेकलिस्ट केलीच नव्हती आणि इशारा यंत्रणेला वीज मिळत नव्हती. म्हणून बटण दाबलं म्हणजे निभावलं, असं मानणारा वैमानिक धोकादायक. हिरवी ओळ पाहून झाल्यावरही फ्लॅपचं हँडल आणि स्क्रीनवरचा फ्लॅपचा आकडा, दोन्ही बघायचे.

आता उणीव. मेमोतली फ्लॅपची ओळ १+एफ, २ किंवा ३ या टेकऑफच्या फ्लॅप-पायऱ्यांपैकी काहीही असलं तरी हिरवी. तुमचं गणित ३चं असेल आणि हँडल १वर असेल, तरी ती खुशाल हिरवी राहते. म्हणूनच नव्या टॅक्सी चेकलिस्टमध्ये फ्लॅप सेटिंग वेगळं आहे आणि उत्तर दोघांनीही द्यायचं असतं, तेही आकड्यानिशी. पिच ट्रिमचंही तसंच, नुसतं मर्यादेत असणं पुरेसं नाही. नव्या सॉफ्टवेअरच्या विमानांत ट्रिम आणि एमसीडीयूतला (वैमानिक उड्डाणाचे आकडे भरतो तो कळफलक-पडदा) आकडा जुळला नाही तर इशारा येतो, जुन्यांत तो भरवसा नको.

वजनाबाबत तर मेमो मुकाच. २० मार्च २००९ला मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या ए-३४०मध्ये टेकऑफच्या गणितात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरलं गेलं. कॉन्फिगरेशनचा कसलाही इशारा नाही, विमान रनवे संपत आला तरी उठेना, शेपूट घासली. एअरबसने पुढे आणलेली टेकऑफ सिक्युरिंग सोय वेग फारच कमी असल्यास किंवा रनवे चुकल्यास टोकते, पण ती सगळ्या विमानांत नाही. खरा उपाय कंटाळवाणा आहे: दोघांनी आपापल्या टॅबलेटवर स्वतंत्र गणित करायचं, एकमेकांचं न बघता, आणि मग आकडे ताडून पाहायचे. एकाने काढलं आणि दुसऱ्याने मान डोलावली, याला पडताळणी म्हणत नाहीत.

फ्लाइट कंट्रोल तपासणीही मेमोत नाही. विमान उडवणारा वैमानिक साइडस्टिक (बाजूची छोटी नियंत्रण-कांडी) पूर्ण मागे, पूर्ण पुढे, मध्ये, मग डावी-उजवीकडे नेतो. दुसरा स्क्रीनवरच्या कंट्रोलच्या पानाकडे बघत 'फुल अप, फुल डाउन, न्यूट्रल' असं म्हणत जातो. पेडलची तपासणी करताना पेडल डिस्कचं बटण दाबलेलं हवं, नाहीतर नोजव्हील वळतं. घाईत अर्धी स्टिक हलवून 'चेक्ड' म्हणणं हा सर्वांत नेहमीचा दोष. बेडफर्डला ३१ मे २०१४ला गल्फस्ट्रीम विमान कंट्रोल जखडून ठेवणारं लॉक न काढता निघालं आणि ७ जण गेले. त्या वैमानिकांनी आधीच्या १७५ टेकऑफपैकी अवघ्या २ वेळा तपासणी पूर्ण केली होती.

मुंबईत ही शिस्त नेमकी कुठे सुटते? लांब रांगेत. केबिन केव्हाच रेडी कळवलेली, मग वीस मिनिटं थांबणं, मध्येच टॉवरचा रेडिओवरून नवा निरोप, आणि चेकलिस्ट तिसऱ्या ओळीवर तुटलेली. अशा वेळी 'होल्ड चेकलिस्ट ॲट' म्हणून ओळीचं नाव घ्यायचं, आणि पुढे 'रिझ्यूम' म्हणून त्याच ओळीपासून सुरू करायचं. कुठे थांबलो ते आठवत नसेल तर पहिल्या ओळीपासून. शेवटी 'कम्प्लीट' हा शब्द ऐकू आलाच पाहिजे. तो आला नाही तर दुसऱ्याने विचारावं, मग तो कितीही नवखा का असेना.

रनवे बदलला किंवा मधल्या इंटरसेक्शनवरून निघायला सांगितलं तर चालत्या विमानात आकडे बदलू नयेत. थांबा, पार्किंग ब्रेक लावा. दोघांचं नवं गणित, एमसीडीयूवर फ्लॅप, ट्रिम, टेकऑफचे तिन्ही वेग आणि फ्लेक्स तापमान (कमी जोरानं टेकऑफ करण्यासाठी भरायचा आकडा), छोटं ब्रीफिंग, गरज असल्यास फ्लॅप बदलणं, मग टी.ओ. कॉन्फिग पुन्हा, आणि फ्लॅपची ओळ पुन्हा दोघांच्या तोंडून. लाइन-अप चेकलिस्टमध्ये रनवेचा क्रमांकही दोघांनी म्हणायचा असतो, आणि तो म्हणताना नजर खिडकीबाहेर, रनवेवर रंगवलेल्या आकड्यावर असावी.