मार्टिन स्कॉर्सेसीच्या आवडीचे सिनेमे आणि माझे ५२,८५० रुपये

नाशिकमध्ये ज्यांच्या कपाटात अजून डिस्क आहेत अशा सगळ्या सिनेमावेड्यांसाठी लिहितोय. तिशीतला, गोड बोलणारा, 'मामांचं कलेक्शन काढायचंय सर' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. माझे ५२,८५० गेले. त्याचं नाव लिहीत नाही, कारण सांगितलेलं नाव त्याचं नव्हतंच.

ओटीपी, केवायसी, कस्टममध्ये अडकलेलं पार्सल हे सगळं मला कळतं, तुम्हालाही कळतं. त्यातलं इथे काहीच नव्हतं. लिंक नाही, अनोळखी फोन नाही. हा माणूस आमच्यात येऊन बसला, आमच्याबरोबर सिनेमा पाहिला.

आम्ही काही जण महिन्यातून एकदा गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत प्रोजेक्टर लावतो. मोजर बेअरच्या २८ रुपयांच्या व्हीसीडीवर पोसलेली पिढी आमची. आज ॲपवर असलेला सिनेमा उद्या गायब होतो, म्हणून डिस्क हवी, एवढं साधं आहे. त्या दिवशी कुणाच्या तरी ओळखीने हा आला. विषय निघाला अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या आवडीच्या सिनेमांचा आणि बोलत मीच होतो. 'द रेड शूज' (१९४८) आणि फ्रेंच दिग्दर्शक रेन्वारचा 'द रिव्हर' (१९५१) हे स्कॉर्सेसीच्या मते सगळ्यात देखणे रंगीत सिनेमे. 'द रिव्हर' आपल्याकडे हुगळीच्या काठी चित्रित झाला, तेव्हा जागा शोधायला सत्यजित राय रेन्वारबरोबर हिंडले होते. मग स्कॉर्सेसीच्या संस्थेने वाचवलेले सिनेमे, त्यातला ऋत्विक घटकांचा 'तितास एकटि नदीर नाम' (१९७३), उदय शंकरांचा 'कल्पना' (१९४८). जुने, दर्जेदार सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या संचांत हे मिळतात, पण इथे हाताला लागत नाहीत, अशी हळहळही मीच व्यक्त केली. तो मान डोलवत ऐकत होता. आता कळतं, तो ऑर्डर लिहून घेत होता.

त्याच आठवड्यात मेसेज आला. मामा न्यू जर्सीला होते, वारले, त्यांचा संग्रह सामानातून आणलाय, आणि 'योगायोग बघा सर, तुम्ही म्हणालात ते बरेचसे आहेत'. पहिल्यांदा त्याने 'द रिव्हर' दिला, २,२०० रुपयांना. कॉलेज रोडला समोरासमोर भेटून. अस्सल. क्रायटेरियनची ती पारदर्शक पेटी, आत पुस्तिका, डिस्कची खालची बाजू आरशासारखी चंदेरी. इंदिरानगरच्या मित्राकडे लावून पाहिली, चित्र असं की आम्ही दोघं गप्प झालो. हे २,२०० मी नुकसानीत धरत नाही. ते आमिष होतं आणि आमिष चांगल्या प्रतीचं होतं.

आता ती जागा, जिथे माझी मला चीड येते. डिस्क हातात देताना तो म्हणाला, "अमेरिकेची डिस्क आहे सर, कुठल्याही प्लेअरला चालते." ज्याने महिनाभर जरी ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या डिस्क, गोळा केल्यात त्याला माहीत असतं की डिस्क आणि प्लेअरचा झोन जुळावा लागतो, आणि अमेरिका ए झोनमध्ये येते आणि भारत सी झोनमध्ये. क्रायटेरियनच्या साध्या ब्लू-रे ए झोनला बांधलेल्या असतात, आपल्या प्लेअरवर त्या लागत नाहीत. फोर-के डिस्कला ती कटकट नाही, पण बाकीच्यांना आहे. मी काय केलं? शंका घेण्याऐवजी त्याला झोन समजावून सांगितले. रस्त्यात उभं राहून, हातवारे करून. माझा प्लेअर फक्त सी झोनचा आहे, म्हणून मित्राकडे जावं लागतं, हेही सांगितलं. दोनच दिवसांनी मामांच्या सामानात सगळे झोन चालवणारा प्लेअर निघाला! किंमत १४,५०० रुपये.

न्यू जर्सीत राहून अमेरिकन डिस्क जमवणाऱ्या माणसाला सगळ्या झोनचा प्लेअर कशाला लागेल? हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता, शपथेवर सांगतो. त्याचं उत्तरही मीच मला दिलं: मामा ब्रिटिश डिस्क मागवत असतील. आणि भाच्याला झोन माहीत नसणं स्वाभाविकच होतं, संग्रह त्याचा कुठे होता? माझ्या जागी कुणीही असता तरी हेच म्हणाला असता. एक अस्सल माल हातात आल्यावर माणूस दुसऱ्या मालावर भिंग धरून बसत नाही.

संचांसाठी आगाऊ २५,०००. प्लेअरचे १४,५००. मग 'मावसभाऊही मागतोय सर' म्हणून उरलेले १२,००० घाईघाईने. तो 'पुण्याला अडकलो' म्हणाला, म्हणून कुरियर आणि विम्याचे १,३५०. पैसे पाठवताना ॲपवर एका बाईचं नाव दिसलं. 'आईचं खातं आहे सर.' ते नाव वाचा हो, पिन टाकायच्या आधी वाचा. बँकेत नोंदलेलं नाव आणि समोरच्याचं नाव एक नसेल तर तिथेच थांबा.

खोका आला, वजनदार. आत निळ्या पेट्या. क्रायटेरियनचा शिक्का निळ्या पेटीवर! कव्हरं रंगीत झेरॉक्सची, कडेला कात्रीचा वाकडा काप. सहा सिनेमांच्या संचाच्या जागी एकच पेटी, त्यात एकच डिस्क, खालून काळपट, म्हणजे घरी कॉम्प्युटरवर 'बर्न' केलेली. छापील डिस्कच्या मधल्या छिद्राभोवती बारीक कोरलेला क्रमांक असतो, तिथे कोऱ्या डिस्कच्या कंपनीचं नाव होतं. 'तितास' लावला तर ॲपवरून उतरवलेली प्रत, कोपऱ्यात ॲपचा लोगो. आणि प्लेअर म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर, त्यावर ब्लू-रेचा स्टिकर. फोन बंद. ज्याच्या ओळखीने आला होता तो म्हणतो, 'मला वाटलं तुमच्या ओळखीचा.'

यापुढे अस्सल करमणूक आहे. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे ऑनलाइन गेले ना? मग सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "हा तर तुमच्यात येऊन बसला होता, ओळखीचा झाला. ठाण्यात जा." ठाण्यात परत आलो तर वेगळे साहेब. "भेट कुठे झाली? गंगापूर रोड? मग ती आमची हद्द नाही." तिकडे गेलो तर, "माल मिळाला ना? मनासारखा नाही मिळाला, हे दिवाणी आहे. वकील करा." एका हवालदारांनी खोका उघडून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काका, सीडीला पन्नास हजार?" हशा झाला. त्याहून कहर म्हणजे एकाने मलाच सुनावलं की नकली डिस्क बाळगणं हाही गुन्हा आहे. पावती मागतात. वारलेल्या मामांची पावती कुठून आणू? बँकेचं तर एकच पालुपद, "पिन तुम्हीच टाकलात." टाकला! पिस्तूल लावून टाकून घेतला असता तरच तुम्ही हलला असता का? शेवटी पोलिसांनी अर्जावर शिक्का मारून दिला आणि म्हणाले, "एकच तक्रार आहे, बघू."

एका वकील मित्राने नंतर सांगितलं ते लिहून ठेवा. जुनं चारशे वीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या दुसऱ्या नव्या कायद्यात कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. हे कागदावर छापून न्या, तोंडी सांगितलं तर हसतात. आणि सगळ्यात आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, त्याच तासात, पैसे पुढे सरकायच्या आत. मी आधी त्या माणसाचाच फोन लावत बसलो.

डिस्कचे फोटो मागाल तर खालच्या बाजूचा मागा, कव्हरचा फोटो नेटवर कुणालाही मिळतो. मोठा व्यवहार समोर प्लेअर लावूनच करा. आणि तुम्हाला काय हवंय हे नव्या माणसासमोर बोलू नका. जे हवं तेच त्याच्याकडे निघालं तर तो योगायोग नसतो.

परवा नाशिकरोडच्या एका रेकॉर्डवाल्या मित्राकडून कळलं की तसाच एकजण आता आजोबांच्या एलपी विकतोय. वर्णन जुळतं, आईच्या खात्यासकट. त्या मित्राने अजून पैसे दिलेले नाहीत. पण कुणी दिले असतील तर लाजून घरी बसू नका, माझ्या अर्जाचा क्रमांक घेऊन जा. दुसरा अर्ज पडला तर 'एकच तक्रार आहे' हे तरी त्यांना म्हणता येणार नाही.