ब्लॉग लिहिणाऱ्या स्टुडंट्सनी माटुंग्याच्या लेखन कार्यशाळेला जावं का? जावंच, पण ड्राफ्ट घेऊन

माटुंगा पूर्वेला रविवारी जी लेखन कार्यशाळा भरते, जिथे बाहेरून लेखक, पत्रकार वगैरे येऊन शिकवतात, तिच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. आयोजकांचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत, त्या भागात राहणाऱ्यांना कळेलच. फी पाचशे, कॉलेजचं आयडी दाखवलं तर निम्मी.

आधी एक सांगते. ब्लॉग लिहिणाऱ्या माझ्यासारख्या टीवायच्या (कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या) पोरापोरींना वाचक मिळतात, लाइक्स मिळतात, मैत्रिणींच्या "मस्त गं" अशा कमेंट्स मिळतात, पण एडिटर मिळत नाही. म्हणजे आपलं वाक्य उचलून हे इथे का आहे असं विचारणारं कोणीच नसतं. ही कार्यशाळा त्या काही तासांपुरता तो माणूस देते आणि माझ्यासाठी फीचे सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

सगळ्यात भारी सेशन कथाकार मॅडमचं. त्यांनी लेखन म्हणजे काय, प्रेरणा कुठून येते असलं काहीच सांगितलं नाही, थेट पिशवीतून स्वतःच्या एका कथेचे जुने ड्राफ्ट काढले आणि टेबलावर मांडले, हाताने लिहिलेले, काटलेले, बाजूला बाण काढलेले. पहिल्या ड्राफ्टचं पहिलं अख्खं पान छापील कथेत नाहीच आहे! त्यात बाई सकाळी उठते, चहा ठेवते, पाऊस बघते, आणि कथेतलं खरं भांडण दुसऱ्या पानावर सुरू होतं, तर मॅडमनी पहिलं पान काढूनच टाकलं. ते पान त्यांना स्वतःला खूप आवडत होतं हे त्यांनी दोनदा सांगितलं. छापलेलं आपण नेहमी वाचतो हो, पण काढलेलं कोण दाखवतं? मी इतके लेखकांचे कार्यक्रम बघितले, हे पहिल्यांदा बघितलं.

मग त्यांनी सगळ्यांना आपापल्या ड्राफ्टचं एक पान घ्यायला लावलं आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द अधोरेखित करायला सांगितला. हॉलमधल्या जवळपास सगळ्यांच्या पानावर खाली खाली तेच, होतं, होती, होते, आहे, होतं. आता मराठीत क्रियापद शेवटी येणारच, पण त्यामुळे पानभर एकच ठेका ऐकू येतो आणि लिहिणाऱ्याला तो कळतच नाही. माझ्या शेजारच्या मुलीचं फुलबाजारावरचं लिखाण होतं, "खूप गर्दी होती. गजरेवाल्या बसल्या होत्या. मोगऱ्याचा वास येत होता." मॅडमनी तिलाच बदलायला लावलं, स्वतः एक शब्द सुचवला नाही, आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने वाचलं, "त्या गर्दीतच गजरेवाल्या बसलेल्या, आणि मोगऱ्याचा वास पार पुलापर्यंत." सगळा हॉल गप्प झाला एकदम. हा व्यायाम मी आता प्रत्येक पोस्टला करते, खरंच करून बघा.

दुसरे आले ते बरीच वर्षं बातमीदारी केलेले सर. यांची पद्धत सोपी आणि निर्दय, तुमच्या लेखातल्या प्रत्येक दाव्यासमोर समासात एकच शब्द लिहायचा, "कशावरून?" एकाने लिहिलं होतं की माटुंगा रोड हे फक्त बायका चालवत असलेलं पहिलं स्टेशन. सरांनी लगेच धरलं. माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर, तिथे सगळा महिला स्टाफ आला २०१८ मध्ये, त्याआधी २०१७ मध्येच मध्य रेल्वेच्या माटुंग्याला तो आलेला. आणि पहिलं म्हणजे कशातलं पहिलं, मुंबईतलं, रेल्वेच्या त्या विभागातलं, की देशातलं? रोज दोन्ही स्टेशनं बघणारी पोरं आम्ही, आणि त्या एका वाक्यावर वीस मिनिटं चर्चा चालली. मला तो वेळ जराही वाया गेला असं वाटलं नाही, कारण आपल्या भागातल्या विषयावर लिहिताना आपल्याला माहितीये असं गृहीत धरूनच आपण लिहितो.

तिसरं सेशन अनुवादक बाईंचं, करार आणि कॉपीराइटवर. नाव ऐकून अर्धी मुलं बाहेर चहाला गेली, त्यांनी फार गमावलं. कॉपीराइट लिहिल्या क्षणी आपलाच असतो, रजिस्टर केला नाही तरी, हे किती जणांना माहीत होतं? १९५७ च्या कायद्यात कलम १९ आहे, हक्क लिहून देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कोणी वेबसाइट तुमचे लेख मागते आणि "सर्व हक्क कायमस्वरूपी" अशी ओळ सहीसाठी पुढे करते तेव्हा ती ओळ वाचा, थांबा, मुदत घाला म्हणून सांगा. शिवाय लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून त्यांचं लिखाण २०११ पासून खुलं आहे, पण पु. ल. २००० साली गेले, म्हणजे त्यांचे उतारेच्या उतारे ब्लॉगवर डकवायला २०६० संपेपर्यंत परवानगी लागेल. दोन ओळी घेऊन त्यावर आपण काही म्हणणं वेगळं, पानं उचलणं वेगळं, हा फरक बाईंनी छान समजावला.

जेवणानंतर एका निवृत्त संपादकांशी गप्पा होत्या. गिरगावात खटाववाडीतून निघणारं 'सत्यकथा' मासिक, १९८२ ला बंद पडलं, त्याचे संपादक श्री. पु. भागवत लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहायचे, काय खटकतंय, कुठे पुन्हा बघा, हे सगळं पोस्टाने. हे ऐकताना मला हेवा वाटला. संपादकांनी मग आमच्या जोड्या लावल्या, पोस्ट टाकायच्या आधी एकमेकांना पाठवायची आणि उत्तरात निदान एक तरी "हे काढ" असायला हवं. माझी जोडी अजून चालू आहे, ती डोंबिवलीची आहे, रात्री उशिरा व्हॉइस नोट पाठवते आणि अजिबात दयामाया दाखवत नाही.

आता खटकलेलं. सकाळचा पाऊण तास दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात गेला, आणि तेवढ्याच वेळाने कथाकार मॅडमचं सेशन कापलं गेलं, याचा मला मनापासून राग आला. ड्राफ्ट सगळ्यांकडून मागवतात पण मुलं इतकी घेतात की जेमतेम निम्म्यांचे वाचून होतात. ज्याचा वाचला जात नाही त्याने काय करायचं? बॅच लहान ठेवा, फी थोडी वाढवा, चालेल. "फॉलोअर्स कसे वाढवायचे" हे सेशन तर काढूनच टाका, त्यातलं सगळं कुठल्याही रीलमध्ये मिळतं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांची, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, झेरॉक्स देतात ते मात्र फार उपयोगी, मी टेबलासमोर चिकटवलीये.

जाणार असाल तर ड्राफ्ट प्रिंट करून न्या, मोबाइलवर दाखवलेलं कोणी वाचत नाही, आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडा. पुढच्या दोन रांगांत बसलेल्यांचेच ड्राफ्ट आधी उचलतात, लवकर पोहोचा. डबा घेऊन जा, रविवारी किंग्ज सर्कलला सगळीकडे रांगा असतात आणि ब्रेक अर्ध्या तासाचाच आहे. पाचपैकी चार स्टार. पाचवा, सत्कार बंद झाले की देईन.