ॲल्युमिनियम फ्रेमचं मॉड्युलर घर, 14 महिन्यांनंतर: सगळं बरंय, पण तो आवाज

आधी सांगतो, घर उभं आहे, गळत नाही, आई आत सुखाने राहते. तरी हे लिहायला बसलो ते एका आवाजामुळे. टक्. रोज संध्याकाळी ऊन उतरलं की सुरू, सकाळी नऊच्या सुमारास परत. कधी एकच, कधी ओळीने सात-आठ, आणि मे महिन्यात तर कुणी छपरावर सुपाऱ्या फोडतंय असं वाटायचं. पहिल्या दोन रात्री आईने रामरक्षा म्हटली.

जागा कोकणात हर्णैजवळ, समुद्र चालत दहा मिनिटांवर. जुनं घर चिऱ्याचं, वर लाकडी वासे आणि कौलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात अर्धं छप्पर गेलं, उरलेलं वाळवीने आतून पोकळ केलेलं निघालं. सुताराने परत लाकडात करायचा हिशोब दिला, सागवानाचा घनफुटाचा भाव ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो. काही वर्षं पत्रे टाकून काढली आणि मग हे मॉड्युलर, म्हणजे कारखान्यात बनवलेले भाग आणून जागेवर जोडायचं घर घेतलं. दोन खोल्या, 400 चौरस फूट, भिंतींना 50 एमएमचे पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले), फ्रेम 6063 ह्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या सेक्शनची, म्हणजे साच्यातून काढलेल्या लांब पट्ट्यांची.

चांगलं काय ते पटकन सांगतो. आमच्या पाखाडीत ट्रक येत नाही, क्रेन तर विसराच. वीस फुटी सेक्शन एकेक माणूस खांद्यावर घेऊन आला, एकेकाचं वजन 14 किलोच्या आसपास, तेच लोखंडात 40 झालं असतं. पाच दिवसांत सांगाडा उभा. पावसाळा आख्खा गेला, दार फुगलं नाही, जुन्या घरात जुलैत दार लावायला खांदा मारायला लागायचा. आणि खरं सांगू, उद्या मोडायची वेळ आली तरी ॲल्युमिनियम भंगारात किलोवर जातं, लाकडाचं सरपण होतं.

वाळवीप्रूफ म्हणून विकतात त्यात मात्र गंमत आहे. फ्रेम वाळवी खात नाही, बरोबर. पण मागच्या पॅनलच्या सांध्यातून मातीची नळी करून वर चढली आणि प्लायवूडचं कपाट खाल्लं. म्हणजे वाळवीला जिना फुकट.

आता आवाज. कंपनीला पहिला फोन केला, तिकडून उत्तर, "सर, नवीन फ्रेम आहे, सेटल होईल." दोन महिने थांबलो. दुसरा फोन, "सर, बाहेरून माकडं येत असतील." माकडं रोज सूर्यास्त बघून येतात का हो? तिसऱ्या फोनला माणूस पाठवला, तो भर दुपारी दोन वाजता आला, जेव्हा आवाज येतच नाही, भिंतीवर थापट्या मारल्या, फोटो काढले, गेला. व्हिजिट चार्ज 1,800 रुपये.

इथपर्यंतचं मी एप्रिलमध्ये रागात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "घेऊ नका, लाकूडच बरं" असं ठोकून दिलं होतं. ते आता काढून टाकतोय, कारण मधे दापोलीचा एक स्लायडिंगवाला खिडकीच्या कामाला आला. त्याला चहाला मुद्दाम सहापर्यंत बसवून ठेवला. दोन टक् ऐकले आणि स्टुलावर चढून म्हणाला, "साहेब, एक टोक घट्ट आणि दुसरं मोकळं ठेवायचं असतं. ह्यांनी स्क्रू आवळायची गन लावून दोन्ही आवळलीत."

झालं असं की ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. वीस फुटाचा तुकडा 25 अंशांच्या फरकाने साधारण साडेतीन मिलीमीटर लांब होतो. लाकूड उन्हाने एवढं लांब होत नाही, ते पावसाने जाडीत फुगतं. ॲल्युमिनियमच्या ह्या वाढीसाठीच सेक्शनला लांबट भोकं दिलेली असतात, बोल्टला सरकायला. आमच्याकडे भोकं होती, पण बोल्ट असे आवळलेले की सरकायला वावच नाही, मग ताण साठत साठत एकदम सुटायचा. टक्. त्याने संध्याकाळभर बसून छताच्या आडव्या सेक्शनचे एका बाजूचे बोल्ट सैल केले, मधे नायलॉनचे वॉशर, वर नायलॉक नट म्हणजे आपोआप निघायला नको. सामान 340 रुपये, मजुरी 600. घर जोत्याला धरून ठेवणाऱ्या अँकर बोल्टना मात्र मी हात लावू दिला नाही, घर हलकं आहे आणि निसर्गची आठवण ताजी आहे.

आवाज बंद नाही झाला, पण सात-आठचा एकदोनवर आला. जुन्या घरातही रात्री वासे करकरायचे, तेव्हा आजी म्हणायची घर आळोखेपिळोखे देतंय, आणि आम्ही झोपायचो. मग ह्याच्यावरच एवढा राग का, तर पैसे मोजलेत म्हणून.

तो वर चढला तेव्हा अजून एक उजेडात आलं. कोटेशनमध्ये स्क्रू एसएस 316, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे लिहिलेत. समुद्रकिनारी तेच लागतात, साधा स्क्रू खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला टेकला की सेक्शनच खायला लागतो, भोवती पांढरी पावडर धरते. मागच्या पडवीत ती पावडर दिसली. फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट आणून लावलं, टपकन चिकटलं. 316 ला असं चिकटत नाही. असे चिकटणारे 46 स्क्रू मोजले. अशी घरं घेताय तर मॅग्नेट घेऊन जा आणि बसवतानाच एकेक तपासा, नंतर पॅनल बंद झालं की कोण उघडतंय.

एसीबद्दल एकच. फ्रेमला थर्मल ब्रेकची पट्टी, म्हणजे आतली-बाहेरची उष्णता अडवणारी प्लास्टिकची पट्टी नव्हती, पैसे वाचवायला मीच ती नको म्हटली होती. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दमट दिवसात एसी लावला की फ्रेमला बाहेरून घाम फुटतो. ती चूक माझी.

स्क्रू बदलून द्यायला कंपनी तयार झाली आहे, मॅग्नेटचा व्हिडिओ पाठवल्यावर. पण आधी ते व्हिजिट चार्जचे 1,800 भरा म्हणतात. भरणार नाही, 940 रुपयांत काम करून गेलेल्या माणसाचं बिल उलट त्यांनाच पाठवलंय.