विभागातील सामूहिक निर्णयप्रक्रियेची कार्यशाळा : एका सहभागी प्राध्यापिकेचा अभिप्राय

विद्यापीठाच्या विभागातील प्राध्यापकांनी निर्णय एकत्र कसे घ्यावेत आणि नेतृत्वाची जबाबदारी आपसात कशी वाटून घ्यावी, याचे प्रशिक्षण देणाऱ्या एका बाहेरगावच्या संस्थेला आमच्या विभागाने गेल्या पावसाळ्यानंतर कोल्हापुरात बोलावले होते. ताराबाई पार्कातील एका सभागृहात दोन पूर्ण दिवसांची कार्यशाळा आणि त्यानंतर तीन महिन्यांत दोन ऑनलाइन पाठपुरावा बैठका, असे या सेवेचे स्वरूप होते. शुल्क 48 हजार रुपये होते. सभागृहाचे भाडे आणि जेवणाचा खर्च वेगळा. विज्ञान शाखेतील आमच्या विभागात नऊ कायम प्राध्यापक आहेत आणि पाच जण तासिका तत्त्वावर शिकवतात. संस्थेचे व विभागाचे नाव मी देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या काही गोष्टी आमच्या चार भिंतींतल्या आहेत आणि त्या मोकळेपणाने सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कोणाला कळणार नाही.

आमच्याकडे प्रमुखपद तीन वर्षांनी फिरते. प्रत्येक नव्या प्रमुखाबरोबर वेळापत्रकाची पद्धत, प्रयोगशाळेच्या किल्ल्यांची व्यवस्था आणि खरेदीचा रिवाज बदलत आला आहे. खरा निर्णय प्रमुखांच्या केबिनमध्ये, चहाच्या वेळी उपस्थित असलेल्या दोनतीन जणांत होई. विभागीय बैठकीत त्यावर मान डोलावली जाई आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते ठरले' असे वाक्य येई. यात कोणाची वाईट भावना होती असे मी म्हणणार नाही, कारण मुदत उद्यावर आलेली असताना नऊ जणांना विचारत बसणे कोणालाही शक्य होत नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी एक महागडे उपकरण असेच घाईने मागवले गेले. ते रोज वापरणाऱ्या दोघा सहकाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. खोलीतील वीजजोडणी त्या भाराला पुरेशी नाही हे त्या दोघांना ठाऊक होते, आणि ते उपकरण आठ महिने खोक्यातच राहिले. त्या आठ महिन्यांत ज्या संशोधक विद्यार्थ्यांचे काम अडले, त्यांच्याकडे पाहून तरी आम्हाला काही करणे भाग होते. मूल्यांकनाचा विचारही मनात होता, हे कबूल केले पाहिजे. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सहाव्या निकषाचा विषयच प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन हा आहे आणि विकेंद्रीकरण व सहभागी व्यवस्थापन यांविषयी तेथे विचारणा होते, त्यामुळे आमच्यापैकी काहींना या कार्यशाळेत प्रथम एक अहवाल आणि काही छायाचित्रे दिसत होती.

पहिला दिवस मध्यम प्रतीचा गेला. सकाळच्या व्याख्यानात सामूहिक कारभाराच्या कल्पनेचा इतिहास चांगला सांगितला. अमेरिकेतील प्राध्यापकांची संघटना, शिक्षणसंस्थांची परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांनी मिळून 1966 साली तयार केलेल्या निवेदनात अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि प्राध्यापकांच्या नेमणुकीचे प्रश्न यांवर प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकांची मानली आहे, आणि युनेस्कोने 1997 मध्ये स्वीकारलेल्या शिफारशीत अंतर्गत निर्णयप्रक्रियेतील सहभाग व सामायिक जबाबदारी यांना सहविचाराचे तत्त्व म्हटले आहे, हे त्यांनी नेमकेपणाने मांडले. मात्र हे तत्त्व आपल्याकडे कोणत्या चौकटीत बसवायचे, यावर त्यांची तयारी अपुरी होती. येथे अभ्यासक्रम अभ्यास मंडळातून विद्या परिषदेकडे जातो, नेमणुका निवड समितीमार्फत आणि बिंदुनामावलीनुसार, म्हणजे आरक्षणाप्रमाणे ठरलेल्या पदांच्या क्रमानुसार, होतात, आणि या साऱ्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 यासारख्या कायद्यांचे व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांचे बंधन असते. विभागाच्या हाती प्रत्यक्षात काय उरते, हा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला तेव्हा प्रशिक्षकांनी त्याचे उत्तर दुपारवर ढकलले आणि दुपारी वर्तमानपत्राचे मनोरे उभारण्याचा खेळ घेतला. वीस वर्षे प्रयोगशाळेत एकत्र काम करणाऱ्या माणसांना परस्परांशी ओळख करून देणाऱ्या खेळांची गरज नसते. तो दीड तास वाया गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र पैसे वसूल झाले, आणि ते एका साध्या तक्त्यामुळे. प्रशिक्षक त्याला 'निर्णयपट' म्हणत होते. विभागात वर्षभरात होणाऱ्या तेवीस निर्णयांची यादी आम्हीच केली होती, आणि प्रत्येकापुढे पाच रकाने होते : प्रस्ताव कोणी मांडायचा, कोणाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही, अंतिम निर्णय कोणाचा, नंतर कोणाला कळवायचे आणि किती दिवसांत. हा तक्ता प्रथम प्रत्येकाने एकट्याने, न बोलता भरायचा आणि मग सगळे कागद शेजारी शेजारी भिंतीवर लावायचे. त्या शांततेचा उपयोग फार मोठा झाला. चर्चा आधी झाली असती, तर ज्येष्ठांचे मत पहिल्यांदा आले असते आणि बाकीच्यांचे कागद त्याच्याकडे झुकले असते.

भिंतीवर जे दिसले त्याने आम्ही सगळेच गप्प झालो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक कोणी नेमून द्यायचा, या ओळीत चार वेगवेगळी उत्तरे होती. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असू शकतात, याची मर्यादा आयोगाच्या 2022 च्या नियमांनी ठरवून दिली आहे : प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार. तिच्यात वाटाघाटीला जागा नाही. परंतु प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची आवड आणि मार्गदर्शकाचा विषय यांची सांगड कोण घालणार, हे आम्ही कधीच लिहून ठेवले नव्हते. प्रमुखांना ते आपले काम वाटत होते, ज्येष्ठांना ते परंपरेने आपले वाटत होते आणि कनिष्ठांना ते समितीचे वाटत होते. कार्यभाराचेही तसेच. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकांसाठी आठवड्याला सोळा आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांसाठी चौदा तास प्रत्यक्ष अध्यापनाचे आहेत, एवढे सर्वांना पाठ होते. परंतु शनिवारच्या दुपारचे प्रात्यक्षिक कोणाच्या वाट्याला जाते आणि ते तिथे का जाते, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. आदल्या दिवशी अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला या तक्त्याने दिले, प्रशिक्षकांनी नव्हे. तेवीसपैकी सहा ओळी विभागाच्या कक्षेबाहेरच्या निघाल्या आणि आम्ही त्या खोडल्या. उरलेल्या सतरांवर आमचा पूर्ण किंवा बराचसा अधिकार होता, आणि तो आम्ही इतकी वर्षे वापरलाच नव्हता.

याच वेळी करवीर तालुक्यातील नदीकाठच्या गावातून येणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने जे सांगितले, ते दोन दिवसांतील सर्वांत उपयोगाचे बोलणे होते. "सर, आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेत पाण्याच्या पाळीची यादी भिंतीवर लावलेली असते. चेअरमनच्या शेताची पाळी नसेल तर पाणी सोडणारा पाटकरी चेअरमनलासुद्धा पाणी देत नाही, आणि चेअरमनला त्याचा राग येत नाही, कारण ती यादी सभेत त्यानेच मंजूर केलेली असते." तोवर आमच्या प्रमुखांना हा सारा प्रकार आपले अधिकार काढून घेण्यासारखा वाटत असावा, असे त्यांच्या चेहऱ्यावरून जाणवत होते. हे ऐकल्यावर त्यांनी स्वतः उठून खडू घेतला आणि वेळापत्रक, किरकोळ रसायनांची खरेदी व उपकरणांच्या वापराची वेळ या तीन ओळींतील 'अंतिम निर्णय' या रकान्यातून आपले पद पुसून तीन सदस्यांचा गट लिहिला. प्रशिक्षकांनी येथे मध्ये न बोलण्याचा संयम दाखवला, हे त्यांच्या कौशल्याचे लक्षण मी मानते.

एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या साहित्यात मुळीच नव्हती आणि ती आम्हाला आमच्या अनुभवातून घालावी लागली. पदोन्नतीच्या मूल्यमापनात प्रशासकीय जबाबदाऱ्यांची नोंद होते, पण त्यासाठी लेखी पुरावा लागतो. जबाबदारी वाटून घेतली आणि कार्यादेश मात्र प्रमुखांच्याच नावे राहिला, तर कनिष्ठ सहकाऱ्याच्या हाती श्रमांखेरीज काही पडत नाही, आणि दुसऱ्या वर्षी तो पुढे येत नाही. म्हणून आम्ही सहावा रकाना जोडला : त्या कामाचे पत्र कोणाच्या नावाने निघणार. ही सेवा घेणाऱ्या कोणत्याही विभागाने हा रकाना विसरू नये.

माझी सर्वांत मोठी तक्रार तासिका तत्त्वावरील पाच सहकाऱ्यांविषयी आहे. त्यांना कार्यशाळेला बोलावले होते, जेवणाच्या टेबलावरही ते आमच्याबरोबर होते, परंतु निर्णयपटाचे कागद फक्त नऊच छापून आणले होते, कारण संस्थेच्या पूर्वनोंदणी अर्जात कायम पदांचीच संख्या विचारली होती. आमच्याकडील प्रात्यक्षिकांचा मोठा भार हेच पाच जण वाहतात. कागद नंतर छायाप्रती काढून दिले गेले, तरी त्यांच्या कागदांवरील बरेच रकाने कोरे राहिले, आणि त्याचे कारण समजणे अवघड नव्हते : ज्याची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची असते, तो प्रमुखांच्या नजरेसमोरच्या भिंतीवर आपले मत कसे लावील? सामूहिक नेतृत्व शिकवणाऱ्या संस्थेने या प्रश्नाचा विचार आधी करायला हवा होता, आणि आम्हीही तो करायला हवा होता. निनावी कागदांची सोय केली असती, तरी पुष्कळ फरक पडला असता.

पाठपुराव्याबाबत समाधान नाही. पहिली ऑनलाइन बैठक चाळीस मिनिटांत आटोपली आणि दुसरी दोनदा पुढे ढकलून शेवटी लेखी प्रश्नोत्तरांवर भागवली गेली. पुस्तिका केवळ इंग्रजीत होती. प्रयोगशाळा सहायकांपर्यंत ती पोहोचावी म्हणून तिचे मराठी रूपांतर आम्हीच केले.

चार महिन्यांनंतर काय बदलले, ते सांगते. वेळापत्रक तीन जणांच्या गटाने केले आणि शनिवारच्या दुपारचे प्रात्यक्षिक आता पाळीने फिरते. इतिवृत्तात भिन्नमत नोंदवले जाते. पहिल्यांदा ते नोंदवले गेले तेव्हा बैठकीत थोडा ताण होता, दुसऱ्यांदा नव्हता. बैठका लांबल्या आहेत हे खरे आहे, आणि एका खरेदीवर दोन तासांहून अधिक वेळ गेला, परंतु त्या दोन तासांत वीजजोडणीचा प्रश्न विचारला गेला. मार्गदर्शक नेमून देण्याची ओळ अजूनही सुटलेली नाही. तेथे ज्येष्ठतेचा मान आणि विद्यार्थ्याची निवड यांत आमचे एकमत झालेले नाही, आणि कोणत्याही कार्यशाळेने ते दोन दिवसांत होईल असे मला वाटत नाही.

ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर मी घ्या म्हणेन, परंतु पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : पहिला दिवस अर्ध्यावर आणावा, आपल्या विद्यापीठाला लागू असलेले नियम प्रशिक्षकांना आधी पाठवून त्यावर त्यांची तयारी मागावी, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांसह सर्वांचे कागद निनावी भरून घ्यावेत. आमचे प्रमुखपद येत्या जूनमध्ये बदलणार आहे. नव्याने येणाऱ्या प्रमुखांनी तो तक्ता मागून घेतला असून त्यातील दोन ओळींत बदल सुचवले आहेत; ते बदल त्यांनी स्वतः केलेले नाहीत, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला ठेवले आहेत.