हलकं बेटकास्टिंग रील घेताय? डब्यावरचं वजन राहू द्या, आधी स्पूल बघा

आधीच सांगून टाकतो, मी दुकानदार नाही आणि मला कुणी फुकट रील दिलेलं नाही. गोड्या पाण्यात छोट्या लूरवर (म्हणजे खोट्या आमिषावर) मासे पकडायची हौस आहे, आणि त्या हौसेपायी इतकी रीलं घेतली, विकली, मित्रांकडून उसनी आणली की घरात आता हा विषय काढायची सोय राहिलेली नाही, म्हणून इथे लिहितोय. चार रीलं एकाच रॉडवर आलटून पालटून वापरली, शिमानो आल्डेबरान बीएफएस (२०२२ चं मॉडेल), दायवा अल्फास एअर टीडब्ल्यू, शिमानो एसएलएक्स बीएफएस आणि कास्टकिंग झेफर बीएफएस. शिवाय एका मित्राचं दायवा स्टीझ एअर अर्धा दिवस हातात मिळालं, ते त्याने परत कसं काढून घेतलं ते त्यालाच माहीत.

बीएफएस म्हणजे बेट फिनेस सिस्टिम, हलकं लूर फेकता यावं म्हणून बनवलेलं बेटकास्टर. साधं बेटकास्टर १०-१५ ग्रॅमच्या लूरला खूश असतं, पण ३-४ ग्रॅमचं काही लावलंत की फेकल्या फेकल्या गुंता. कारण सोपं आहे, स्पिनिंग रीलमध्ये स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली रीळ, जागेवर असतो आणि लाइन सुटत जाते, बेटकास्टरमध्ये लूरने स्पूलला ओढून फिरवायचं असतं. लूर चिमुकलं आणि स्पूल धष्टपुष्ट, मग एकतर तो फिरायलाच तयार नाही, आणि एकदा फिरला की थांबायला तयार नाही. लूर हवेत मंदावतं, स्पूल आपला गरगर गरगर, आणि बाहेर न गेलेली लाइन आतच जटा होऊन बसते.

आता लोक विचारतात काय, तर "हे रील किती ग्रॅमचं?" मीही हेच विचारायचो. आल्डेबरान १३० ग्रॅम, स्टीझ एअर १३५, अल्फास एअर १६०, एसएलएक्स या सगळ्यांत वजनदार. हे आकडे वाचून मला वाटायचं १३० वालं सगळ्यात लांब फेकणार. पण रीलचं अंगातलं वजन फेकीत कुठे येतंच नाही, ते तुमच्या मनगटाला कळतं, लूरला काय घेणं-देणं? लूरला फक्त एकच वजन कळतं, जे त्याला फिरवायचंय ते, म्हणजे रिकामा स्पूल आणि त्यावर गुंडाळलेली लाइन. आणि ते वजन डब्यावर मोठ्या अक्षरात कधीच छापलेलं नसतं.

साध्या रीलचा स्पूल साधारण १५ ग्रॅमच्या आसपास असतो, चांगल्या बीएफएस रीलचा १० च्या आत. शिवाय व्यासही लहान, अल्फास एअर आणि स्टीझ एअरचा २८ मिमी, आल्डेबरानचा २९, नेहमीच्या रीलचा ३४ च्या आसपास. कडेचं वजन मध्यापासून जितकं लांब तितकं ते फिरवायला आणि थांबवायला जड, म्हणून २८ आणि ३४ मधला फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

आणि इथेच आपण सगळे माती खातो, मी पण खाल्ली. नवीन रील आलं, हौसेने १०० मीटर ८ पौंडाची (म्हणजे तेवढ्या ताणाला तुटणारी) फ्लुरोकार्बन लाइन काठोकाठ भरली. फेकून बघितलं तर जुन्या रीलपेक्षा काही वेगळं वाटेना, मी मनात कंपनीला शिव्या घातल्या. मग एकदा हिशोब मांडला. ही लाइन ०.२३५ मिमी जाड, फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड, म्हणजे ५० मीटरला जवळपास ४ ग्रॅम आणि १०० मीटरला ८. म्हणजे स्पूलचं वजन कमी व्हावं म्हणून इतका खटाटोप केला आणि त्याच्या डोक्यावर तितकंच वजन मीच आणून ठेवलं, नाकापेक्षा मोती जड! १ नंबरची पीई, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली लाइन, ५० मीटर घेतली तर एक ग्रॅमच भरते. तेव्हापासून माझ्या सगळ्या बीएफएस स्पूलवर ४०-५० मीटरच लाइन असते, पुढे लीडर, म्हणजे लूरच्या बाजूला गाठीने जोडलेला दुसऱ्या लाइनचा तुकडा. छोट्या लूरची फेक २०-२५ मीटर, त्याला मागे ८० मीटर कशाला हवी? फार तर मासा पळाला तर थोडी जास्तीची हाताशी, बस.

आता एकेक रील.

अल्फास एअर मला सगळ्यात जास्त आवडलं, हे आधीच सांगतो म्हणजे बाकीचं कोणत्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. ३.५ ग्रॅमचं लूर मोकळ्या मैदानात, हुक काढून, दहा-दहा वेळा फेकलं आणि पावलं मोजली. अंतरात ते आल्डेबरानच्या दोन पावलं मागेच पडलं खरं, पण दहापैकी एकदाही गुंता झाला नाही आणि मी अंगठा जवळजवळ उचलूनच ठेवला होता. याचं एक कारण समोरचा टी-विंग. साध्या रीलमध्ये लाइन एका छोट्याशा भोकातून जाते आणि स्पूलच्या कडेची लाइन त्या भोकात तिरकी घासत येते. टी-विंगमध्ये क्लच (फेकण्याआधी स्पूल मोकळा करायचं बटण) दाबला की तो भाग पलटतो आणि वरची रुंद बाजू समोर येते, लाइन मोकळी सुटते, हँडल फिरवलं की परत अरुंद बाजूत बसून लाइन सरळ भरते. लीडरची गाठ पण त्यातून न अडखळता जाते, आणि पीईला लीडर जोडणाऱ्याला याची किंमत कळेल, नाहीतर प्रत्येक फेकीला ते टक् ऐकून जीव वर-खाली होतो.

आल्डेबरान हातात घेतलं की दुसरं काही घ्यावंसं वाटत नाही, हा प्रॉब्लेम आहे त्याचा. तळहातात पूर्ण मावतं, आणि २ ग्रॅमच्या आसपासचं लूर नुसतं मनगट हलवून आडवं फेकलं तरी स्पूल सुरू होतो, जोर लावायची गरजच नाही, उलट जोर लावाल तर बिघडेल. त्यात एफटीबी म्हणजे चुंबकाचा ब्रेक आहे. चुंबकाचा ब्रेक कशाला टेकत नाही, धातूचा स्पूल चुंबकाजवळ फिरला की त्यात वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि तीच स्पूलला मागे ओढते, जितका वेग तितकी ओढ. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये छोटे ठोकळे वेगाने बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात, तो फेकीच्या सुरवातीला जोरात लागतो आणि मग सोडून देतो, म्हणून जड लूरला लांब जायला मस्त. हलक्या लूरला मात्र सुरवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी हलका हात ठेवून राहणं जास्त कामाचं, आणि ते चुंबक करतं. फक्त आल्डेबरान थोडं नाजूक हाताने वापरायचं रील आहे. वारा समोरून आला की ब्रेक दोन घर वाढवायचा, नाही वाढवला की अंगठ्याची परीक्षा. मला तीन-चार दिवस लागले हात बसायला. आणि बॉडी मॅग्नेशियमची, स्टीझ एअरची पण, त्यामुळे ही दोन्ही खाऱ्या पाण्यापासून लांबच ठेवा, मॅग्नेशियमला मीठ लागलं आणि वरचा रंग जरा खरवडला की खायला लागतं. गोड्या पाण्यात चिंता नाही.

स्टीझ एअरबद्दल फार लिहीत नाही, अर्ध्या दिवसात काय कळणार. अल्फास एअरसारखंच वाटलं पण हाताला हलकं. दोन्ही शेजारी ठेवून डोळे मिटून फेकायला सांगितलं तर मला ओळखता येणार नाही, निदान लूर पाण्यात पडेपर्यंत तरी.

एसएलएक्स बीएफएस हे त्यातलं कामसू पोरगं. ना नखरे ना कौतुक. हाताला भरीव लागतं, ४-५ ग्रॅमपासून ७ पर्यंत एकदम मजेत फेकतं, त्याच्या खाली गेलं की मेहनत करावी लागते. मला विचाराल तर पहिलं बीएफएस रील घेणाऱ्याने हेच घ्यावं, कारण सुरवातीला कुणी २ ग्रॅम फेकतच नाही, सगळे ५ ग्रॅमवरच शिकतात. झेफरची गोष्ट थोडी तशीच, ७.२:१ चा गिअर (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे ७.२ फेरे), अंगाने हलकं, ब्रेकही चुंबकाचाच. ज्याला अजून नक्की नाही की हे आपल्याला जमेल का, त्याने इथून सुरवात करावी असं माझं मत, जमलं तर पुढे जाता येतं आणि नाही जमलं तर फार जीव तुटत नाही.

गिअरवरून आठवलं, ८.६, ८.९ असे आकडे बघून लोक म्हणतात बापरे केवढं फास्ट. अहो स्पूल लहान आहे ना! २८ मिमीच्या स्पूलला ८.६ चा गिअर लावला तर हँडलच्या एका फेऱ्यात ७५ सेंटीमीटर लाइन आत येते, आणि ३४ मिमीच्या स्पूलला ७.१ लावला तरी तेवढीच येते. आल्डेबरानचं ८.९ वालं ८१ सेंटीमीटर ओढतं. तेव्हा गिअरचा आकडा एकटा वाचू नका, एका फेऱ्यात किती सेंटीमीटर ते वाचा. ड्रॅगचंही, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की लाइन सोडणाऱ्या ब्रेकचंही तेच, आल्डेबरान आणि अल्फास एअर दोन्हींचा ड्रॅग ३.५ किलोचा, लोक नाक मुरडतात की कमी आहे. ६ पौंडाची लाइन म्हणजे २.७ किलोला तुटणार, मग १० किलोचा ड्रॅग घेऊन काय आरती ओवाळायची त्याची? ड्रॅग सुटताना झटका बसता कामा नये, एवढंच बघायचं.

आता नाव न घेता एका रीलबद्दल. हे पण बीएफएस म्हणूनच घेतलं होतं, फोटोत झकास दिसत होतं, भोकं पाडलेला स्पूल वगैरे. दुसऱ्याच दिवशी तळ्यावर असताना लाइन अचानक जड यायला लागली. बघतो तर स्पूलची कड आणि फ्रेम यांच्यात एवढी फट की बारीक पीई तिच्यातून आत घुसून थेट दांड्यावर गुंडाळली गेलेली. गुडघाभर पाण्यात उभा राहून साइड प्लेट उघडली, स्पूल बाहेर ओढला, आणि त्याच्याबरोबर वाटाण्यापेक्षा लहान बेअरिंग निघालं आणि टपकन पाण्यात. मी दोन मिनिटं पाण्याकडे बघत उभा होतो, जणू ते वर येणार होतं. पॅक करून घरी. तेव्हापासून कुठलंही रील हातात आलं की पहिलं काम, स्पूल काढून परत बसवायचा आणि कडेची फट उजेडात धरून बघायची. पातळ लाइन वापरणार असाल तर हे कराच. आणि साइड प्लेट पाण्यात उभं राहून उघडू नका, हे तर लहान पोराला पण कळेल, मला नाही कळलं.

सेटिंगचं एक सांगतो, कारण अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात. जुनी शिकवण अशी की बाजूचा नॉब इतका आवळा की लूर हळूहळू खाली उतरेल. बीएफएसला तसं केलंत तर स्पूल दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखा होतो आणि हलकं लूर त्याला फिरवूच शकत नाही. स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखड जाईल एवढाच नॉब आवळायचा, बाकी सगळं ब्रेकवर सोडायचं. ब्रेक पूर्ण वर ठेवून सुरवात करा आणि एकेक घर खाली या. बेअरिंगला तेल एकच थेंब, तोही पातळ. मी एकदा प्रेमाने तीन थेंब सोडले आणि स्पूल मधात बुडाल्यासारखा फिरायला लागला, परत सगळं धुवावं लागलं. आणि रॉड! काठीसारख्या कडक रॉडवर आल्डेबरान लावलंत तरी ३ ग्रॅमला तो वाकणारच नाही, आणि रॉड वाकला नाही तर लूरला धक्का कोण देणार.

कुठे चालत नाही तेही लिहितो. वाऱ्यात २ ग्रॅमच्या खालचं काही फेकायचं असेल तर मी अजूनही गपगुमान स्पिनिंग रील काढतो, उगाच हट्ट नाही. गवतात, कमळाच्या पानांत मरळ मारायला जाणार असाल तर हे सगळं घरी ठेवा, तिथे बेडूक लूर, जाड लाइन आणि ओढून काढणारं रील लागतं, ४० मीटर पीई घेऊन मरळीशी भांडण काढू नये. पण मोकळ्या पाण्यात, झुडपाच्या खाली हातभर जागेत आडवं लूर सोडायचंय, शेवटच्या क्षणी अंगठा टेकवून ते आवाज न करता उतरवायचंय, तिथे बेटकास्टरला तोड नाही, अंगठ्याखाली लूर कुठे पोचलंय ते जाणवतं, ते स्पिनिंगमध्ये मला कधी जाणवलं नाही.

सध्या माझ्या रॉडवर अल्फास एअर आहे, आल्डेबरान शांत सकाळींसाठी ठेवलंय, एसएलएक्स भाच्याला दिलं, तो रोज गुंते सोडवतोय आणि मला फोन करतोय. त्याच्या बाबतीत माझीच एक चूक झाली. पोरगा डावखुरा आणि मी माझ्यासाठी घेतलेलं डाव्या हँडलचं रील त्याच्या हातात दिलं. स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसरीकडे लावता येतं, बेटकास्टरचं नाही येत, घेतानाच बघून घ्यावं लागतं. आता तो फेकतो डाव्या हाताने, मग रॉड उजव्यात घेतो, मग फिरवतो, आणि तेवढ्यात लूर तळाला.