स्टिकर भिंतीकडे, मोडेम भिंतीवर : नव्या फायबर मोडेमसोबत पाच महिने

जुना मोडेम मे महिन्यात, वळवाच्या पावसात गेला. फायबर काचेची असते, तिच्यातून आकाशातली वीज येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर गडगडाट सुरू झाला तरी मी अॅडॉप्टर काढला नाही. वीज अॅडॉप्टरमधूनच आली. तेव्हा पहिला दोष माझा, तो कबूल. पुढचे माझे नाहीत.

नवा मोडेम मिरगाच्या तोंडावर लागला. डबल बँड (वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी), चार लॅन पोर्ट, बाकी सगळं खोक्यावर छापलेलं असतं ते इथे उतरवत नाही. बसवायला आलेला मुलगा सालस. पंधरा मिनिटांत दोन स्क्रू ठोकून मोडेम भिंतीला टांगला, वायफायचा पासवर्ड माझ्या मोबाइलमध्ये घातला, ओटीपी घेतला आणि गेला.

आता त्या स्टिकरबद्दल. वायफायचं नाव, पासवर्ड, लॉगिन हे सगळं एकाच स्टिकरवर आहे आणि तो स्टिकर मोडेमच्या पाठीवर. टांगायची भोकंही पाठीवरच. म्हणजे मोडेम कंपनीने सांगितल्याप्रमाणे बसवला की पासवर्ड भिंत वाचणार, आपण नाही. संध्याकाळी बायकोच्या मोबाइलला पासवर्ड हवा झाला, मोडेम उतरवला. दुसऱ्या दिवशी टीव्हीला हवा झाला, पुन्हा उतरवला. अक्षरं तांदळाच्या कणीएवढी, त्यात शून्य कुठलं आणि इंग्रजी ओ कुठला हे भिंग लावूनही कळेना. ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या घरी पाहुणे येत नसावेत.

खरी कटकट चौथ्या दिवशी सुरू झाली. पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा दिवा हिरवा, स्थिर. सगळं छान चाललेलं असायचं आणि अचानक लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा दिवा लाल लुकलुकायचा. पाच मिनिटांनी आपोआप परत यायचं. कधी दिवसातून दोनदा, कधी बारा वेळा. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या. पाऊस, वारा, वीज जाणं, कशाशीच ताळमेळ बसेना. हेल्पलाइनला एकच मंत्र येतो, मोडेम बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा. महिन्याभरात नऊ तक्रारी नोंदवल्या. नऊही रात्री केव्हातरी 'निवारण झाले' असा मेसेज येऊन बंद झाल्या.

लाइनमन मात्र तीनदा आला. ('फाल्यां येतां', म्हणजे उद्या येतो, म्हणून न आलेले दिवस वेगळे.) त्याच्याकडे लाल उजेडाचं एक पेन असतं. ते फायबरच्या एका टोकाला लावायचं, दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसतो का बघायचं. दिसायचा. "काका, उजवाड येता. लायन बरी आसा." मग बहुतेक मोडेमच खराब असेल, नवा घ्या, पंधराशे रुपये. पंधराशे ऐकल्यावर मी कंपनीच्या अॅपवर जाऊन एक तारा दिला आणि 'मोडेम टाकाऊ' असं लिहून मोकळा झालो. ते मत आता मागे घेतोय.

झालं असं की जुलैत भाचा राहायला आला. आल्या आल्या पहिला प्रश्न, मामा, पासवर्ड? पुन्हा स्क्रू. पण या वेळी दुपार होती, खिडकीतून चांगला उजेड येत होता आणि मोडेम हातात उलटा धरलेला. मोडेमचं फायबरचं सॉकेट हिरवं दिसलं. त्यात घुसलेला प्लग निळा.

मी विचारलं, हे असं चालतं का? भाचा म्हणाला, नाही चालत. स्टिकर समोर होताच, त्यावरचं लॉगिन वापरून त्याने १९२.१६८.१.१ हे मोडेमच्या सेटिंगचं पान उघडलं आणि ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे मोडेमपर्यंत पोचणाऱ्या उजेडाचा आकडा दाखवला, उणे २८.६. अशा मोडेमला साधारण उणे २७च्या वर तरी सिग्नल लागतो. आमचा अगदी काठावर बसलेला. म्हणून कधी आत, कधी बाहेर.

कारण साधं. हिरव्या प्लगच्या काचेचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघांना एकमेकांत खुपसलं तर बसतात, पण काच काचेला टेकत नाही, मधे फट राहते आणि उजेड तिथे सांडतो. जुन्या मोडेमचं सॉकेट निळं होतं. बसवायला आलेल्या मुलाने मोडेम बदलला, वायर जुनीच ठेवली. आणि ते लाल पेन? त्याने फायबर तुटली आहे का एवढंच कळतं, उजेड किती पोचतो ते कळत नाही. त्याला मीटर लागतो. तिन्ही खेपांना तो मीटर 'दुसऱ्या गाडीत' होता.

शुक्रवारी तसंही म्हापशाच्या बाजारात जायचं होतं. मिरची, सुकी मासळी आणि दोन्हीकडे हिरवे प्लग असलेली दोन मीटरची वायर, १४० रुपये. डिचोलीला घरी परत येऊन लावली, आकडा उणे २२.४. भाच्याच्या हिशोबाने तीन डेसिबलला उजेड दुप्पट होतो, म्हणजे सहा डेसिबलला चौपट. एकशे चाळीस रुपयांत. तेव्हापासून लॉस एकदाच लाल झाला, माडाची चुडत खांबावरच्या केबलवर पडली तेव्हा. तो दोष माडाचा.

मोडेम स्वतः चांगला आहे हे आता म्हणायला हवं. वेग पूर्ण मिळतो, गरम होत नाही, दिवे रात्री डोळ्यांत जात नाहीत. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, वीज गेली तरी तीन तास चालतो. फक्त आमच्यासारखं चिऱ्याचं जुनं घर असेल तर पाच गिगाहर्ट्झवर विसंबू नका. दीड हात जाडीच्या भिंतीपलीकडे ते जात नाही. मी दोन्ही बँडना वेगळी नावं दिली, स्वयंपाकघराला २.४ पुरतं. चवथीला मुंबईची सगळी मंडळी आली, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली बसून चौदा मोबाइल चालत होते, एकदाही अडकलं नाही. पासवर्ड मात्र बायकोने आधीच कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता.

आता ऑगस्टच्या बिलाबद्दल. त्यात 'ग्राहकाच्या घरातील दोष' म्हणून व्हिजिट चार्ज २०० अधिक जीएसटी, २३६ रुपये. वायर तुमची, बसवली तुम्ही, दोष शोधला माझ्या भाच्याने, वायर आणली मी. हे चार मेलमध्ये लिहून कळवलंय. चौथ्याचं उत्तर काल आलं, 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.'

एका ताऱ्याचे तीन केले. स्टिकर पुढच्या बाजूला आणला असता तर चार दिले असते. पाचवा २३६ रुपये जमा झाले की.